दप्तरांची कुलपे कोणासाठी?

थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोमंतकात राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे मराठी काव्य १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापण्यात आले. अडतीस वर्षांत तीन आवृत्त्या निघाव्यात हे त्या काळच्या मानाने अल्प भाग्य नव्हे. तथापि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज कोठे उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने देशी भाषांविरुद्ध फर्मान काढले, आणि पुढे तर अशा ग्रंथांना गोमंतकात आश्रयच उरला नाही. मग हा ग्रंथ आपल्या हाती आला कसा? दक्षिण कानड्यातील ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित नकला जपल्या होत्या. तशा नकलांच्या आधारे जोसेफ साल्दान्हा यांनी १९०७ साली मंगळुरात तो पुन्हा प्रसिद्ध केला. देवनागरीतील एक पोथी मार्सडेन या संग्राहकाबरोबर लंडनला गेली होती, ती विसाव्या शतकात अभ्यासकांना गवसली. छापखान्याने जे गमावले ते नकला करणाऱ्या निनावी हातांनी राखले. ग्रंथ कुलपामुळे टिकत नाही, त्याच्या प्रती किती हातांत आहेत त्यावर त्याचे आयुष्य ठरते, हा या कथेचा बोध आहे.

आज तो बोध आठवण्यास प्रसंगही तसाच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने ‘ज्ञान भारतम्’ मोहीम जाहीर केली. देशातील एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद आणि जतन करण्याचा तिचा संकल्प आहे. दोन्ही गोष्टींचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु स्वागताच्या हारतुऱ्यांत एक प्रश्न दडपला जाऊ नये. पोथी स्कॅन झाली, तिचे चित्र संगणकात शिरले; पुढे ते चित्र कोणाला दिसणार? बेळगाव, निपाणी, खानापूर येथील विद्यार्थ्याला ते घरबसल्या उघडता येणार, की पूर्वी कपाटाला होते तेच कुलूप आता संगणकाला लागणार?

या प्रश्नाचे उत्तर जगाने वीस वर्षांपूर्वीच दिले आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्ट येथून निघालेल्या घोषणापत्राने ज्ञानाच्या ‘खुल्या प्रवेशा’चे तत्त्व मांडले. ऑक्टोबर २००३ च्या बर्लिन घोषणापत्राने विज्ञानाबरोबर मानव्यविद्या आणि सांस्कृतिक वारसा यांनाही त्या तत्त्वाच्या कक्षेत आणले; ग्रंथालये, अभिलेखागारे आणि संग्रहालये यांनी आपली साधने खुली करावीत असे त्यात म्हटले आहे. खुला प्रवेश म्हणजे केवळ काचेआडून दर्शन नव्हे. कागद वाचता यावा, उतरवून घेता यावा, दुसऱ्याला देता यावा, छापता यावा आणि त्यावर पुढचे संशोधन उभे करता यावे. बदल्यात मूळ संस्थेचे ऋण मान्य करावे, एवढेच बंधन. देवळाबाहेर उभे राहून कळसाला हात जोडणे वेगळे आणि गाभाऱ्यात प्रवेश मिळणे वेगळे, हे मराठी माणसाला निराळे सांगावयास नको.

हे तत्त्व परदेशी आहे म्हणून कोणी नाक मुरडू नये. १९१० साली सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून सबंध संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. ग्रंथांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. त्याहून मागे जावयाचे तर तंजावरला जावे. १८०३ साली सरफोजीराजे भोसले यांनी आपल्या घराण्याचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. तो वाचावयास कोणाची चिठ्ठी लागत नव्हती. जे कोरले ते वाटसरूंसाठी कोरले.

याच्या उलट अनुभवही आपल्या गाठीशी आहे. पेशवे दप्तर इंग्रज सरकारने देशी संशोधकांना दीर्घकाळ मोकळेपणाने पाहू दिले नाही. राजवाडे गावोगाव भटकले, वाड्यांच्या माळ्यांवर चढले, वाळवीने खाल्लेले रुमाल उलगडले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने बावीस खंड उभे केले. अखेर १९२९ च्या सुमारास पेशवे दप्तराची छाननी गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या हाती आली. बडोद्याच्या सेवेतून निवृत्त झालेल्या त्या वृद्ध इतिहासकाराने १९३० ते १९३४ या अवघ्या काही वर्षांत निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. दार उघडताच केवढे भांडार बाहेर आले! आणि दार बंद होते तोवर आपला इतिहास आपण कोणाच्या लेखणीने वाचत होतो, याचा विचार वाचकांनीच करावा.

परके सरकार गेले; पण दप्तराविषयीची वृत्ती सर्वत्र गेली आहे असे म्हणवत नाही. सार्वजनिक पैशाने स्कॅन केलेले संग्रह एखाद्या संस्थेच्या संगणकात पडून राहतात. कोठे यादी नसते. यादी असते तेथे चित्र नसते. चित्र असते तेथे ते इतके अंधुक असते की अक्षर लागू नये. म्हणून केवळ ‘डिजिटायझेशन झाले’ एवढ्या वाक्यावर आपण समाधान मानू नये. खुल्या वारशाची इमारत चार खांबांवर उभी राहते, आणि त्यांतील एक जरी कच्चा असला तरी छप्पर खाली येते.

पहिला खांब स्वच्छ चित्राचा. दुसरा फेरिस्तीचा: कागद कोणाचा, कोणत्या सालचा, कोणत्या गावचा, कोणत्या लिपीतला, कोणत्या रुमालातला, हे सांगणारी बिनचूक नोंद. तिसरा पाठाचा: चित्रातील अक्षरे शोधता येतील अशा युनिकोड मजकुरात उतरविणे. चौथा निवाऱ्याचा: तो सर्व ऐवज अनेक ठिकाणी, कायमच्या पत्त्यावर राहील अशी तजवीज. पहिल्या खांबाचे उद्घाटन होते, छायाचित्रे निघतात. उरलेल्या तिघांची आठवण मात्र सहसा कोणास राहत नाही.

तशी आठवण न राहिल्याने काय होते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. या शतकाच्या आरंभी बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या पुढाकाराने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ सुरू झाली. मराठीसह अनेक भाषांतील लाखो ग्रंथ स्कॅन झाले. उपक्रम थोर होता. परंतु ग्रंथांची नावे रोमन लिपीत वाटेल तशी नोंदविली गेली, कोठे पाने गळाली, कोठे ग्रंथकाराचे नाव चुकले. ग्रंथ असून तो सापडू नये अशी अवस्था झाली. पुढे २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळच बंद पडले. त्यातील फार मोठा भाग आज वाचता येतो तो एवढ्याचसाठी, की कार्ल मालामुद यांच्या पब्लिक रिसोर्स या संस्थेने त्याच्या प्रती आधीच इंटरनेट आर्काइव्हवर चढविल्या होत्या. क्रिस्तपुराणाचीच कथा चारशे वर्षांनी पुन्हा घडली: मूळ ठिकाण गेले, नकलेने तारले.

म्हणून एकाच ठिकाणावर विसंबणे हा अपराध आहे. ३ मार्च २००९ रोजी जर्मनीतील कलोन शहराचे ऐतिहासिक अभिलेखागार भुयारी रेल्वेच्या कामापायी कोसळले. शतकानुशतकांचे कागद चिखलात गेले. तेव्हा अभ्यासकांनी पूर्वी तेथे बसून स्वतःसाठी काढलेली छायाचित्रे आणि प्रती एका संकेतस्थळावर जमा करण्यास आरंभ केला. वाचकांनीच आपल्या अभिलेखागाराला हात दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर संगणकी दरोडा पडला आणि जगातील त्या अग्रगण्य ग्रंथालयाची सूचीदेखील कित्येक आठवडे वाचकांना पाहता येईना. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द इंटरनेट आर्काइव्हही अशाच हल्ल्याने काही दिवस बंद पडले. इमारत दगडाची असो वा विजेची, ती पडू शकते. प्रती मात्र दहा ठिकाणी असल्या तर दहाही एकाच दिवशी पडत नाहीत.

तिसऱ्या खांबाविषयी, म्हणजे पाठाविषयी, मराठी वाचकाने अधिक चिंता करावयास हवी. आपला दोन-तीनशे वर्षांचा व्यवहार मोडीत आहे. महसूल, वतन, न्यायनिवाडा, देणीघेणी, लग्नकार्याची पत्रे, सारे मोडीत. ती लिपी शाळांतून गेली त्यास आता दोन पिढ्या लोटल्या, आणि ती सफाईने वाचणारे गावोगाव बोटांवर मोजावे लागतात. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, म्हणजे संगणकावर मोडी लिहिण्याची सोय झाली. हस्ताक्षर वाचण्यास संगणकाला शिकविताही येते. परंतु त्यासाठी जाणत्याने अचूक वाचलेली हजारो पाने त्याच्यापुढे धड्यांसारखी ठेवावी लागतात. निरनिराळ्या काळांतील, निरनिराळ्या कारकुनांच्या वळणाची ती पाने एकाच संस्थेकडे असणे शक्य नाही. प्रत्येकाने आपापली मूठ झाकून ठेवली तर कोणाचेच यंत्र शिकणार नाही. आणि तोवर वाचणारे हात मात्र काळाच्या पडद्याआड जातील.

मूठ उघडली की काय होते तेही पाहू. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिचा पाठ क्योतो येथील मुनेओ तोकुनागा यांनी संगणकात उतरविला, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो तपासून सुधारला, आणि आज तो कोणासही विनामूल्य मिळतो. सत्तर हजारांहून अधिक श्लोकांत एखादा शब्द कोठे कोठे आला आहे हे पाहण्यास पूर्वी आयुष्य लागे; आता एक क्षण लागतो. यात पुण्याचे काही उणे झाले काय? उलट पुण्याची आवृत्ती जगभरच्या अभ्यासकाच्या टेबलावर जाऊन बसली.

सीमेवर आणि सीमेबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला तर या खुलेपणाचे अगत्य इतरांहून अधिक आहे. आपली माणसे जशी विखुरली तसे आपले कागदही विखुरले. मुंबई आणि पुण्याच्या पुराभिलेखांत बेळगाव-धारवाडकडील इंग्रजी अमदानीचे कागद. हैदराबादच्या अभिलेखागारात मराठवाड्याचे. तंजावरच्या सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते आणि मोडी दप्तरे. पणजीच्या अभिलेखागारात पोर्तुगीज-मराठा व्यवहार. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रोमन लिपीत लिहिलेल्या गोमंतकीय पोथ्या. लंडनमध्ये आणखी निराळा साठा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जिल्हे इकडचे तिकडे गेले. कागद होते तेथेच राहिले. त्यामुळे गाव एका राज्यात आणि गावाचा इतिहास दुसऱ्या राज्याच्या कपाटात, अशी विपरीत स्थिती झाली. गरीब विद्यार्थ्याने प्रवासखर्च कोठून आणावा? ‘आय-ट्रिपल-आय-एफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सामाईक संकेतामुळे निरनिराळ्या संस्थांतील चित्रे एकाच पडद्यावर शेजारी शेजारी मांडता येतात. ब्रागाची पोथी आणि लंडनची पोथी समोरासमोर ठेवून मडगावचा अभ्यासक पाठ ताडून पाहू शकेल. अट एकच, की दोन्ही संस्थांनी तो संकेत स्वीकारला पाहिजे आणि दार उघडे ठेवले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल की कागद खुले केले तर ते प्रतिपक्षालाही मिळतील. अवश्य मिळोत! बेळगाव-धारवाडचे मोडी कागद हे कानडी अभ्यासकाच्या इतिहासाचेही साधन आहेत. त्याच्या गावचे निवाडे, त्याच्या मठांची इनामे त्यांत आहेत. ज्याला आपल्या म्हणण्याच्या खरेपणाची खात्री आहे त्याने कागद उघडण्यास भिऊ नये. निवडून दाखविलेल्या कागदांवर वकिली होते. इतिहासाला सगळे रुमाल लागतात.

दुसरा आक्षेप विपर्यासाचा. इतिहासाच्या नावाने आपल्याकडे माथी भडकतात, मग कागद मोकळे कशाला सोडावे, असे विचारले जाते. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि ग्रंथांची, कपाटांची नासधूस झाली. त्या दुर्दिनाची आठवण आजही शरमेने मान खाली घालावयास लावते. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष उलट आहे. जो कागद कोणी पाहिलेला नाही त्याच्याविषयी काहीही सांगता येते. जो सर्वांसमोर आहे त्याच्याविषयीची थाप फार काळ चालत नाही. आणि जमावाच्या हाती एकच प्रत लागावी यासारखे दुर्दैव नाही.

तिसरा आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. प्रत्येक कागद उघडा करावा असे आम्ही म्हणत नाही. हयात माणसांची खासगी पत्रे, अलीकडच्या काळातील कौटुंबिक तंटे, एखाद्या कुटुंबाची वा समाजाची विनाकारण मानहानी होईल असे दप्तर, यांबाबत काळाची मर्यादा आणि घरच्यांची संमती आवश्यक आहे. ज्याच्या माळ्यावरून बाड आले त्याला विचारल्यावाचून ते जगापुढे मांडणे हा खुलेपणा नव्हे, ती दांडगाई आहे. ग्रंथस्वामित्वाचा कायदाही पाळला पाहिजे. १९५७ च्या कायद्यात ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क राही. १९९२ च्या दुरुस्तीने तो साठ वर्षे झाला. ही मुदत लहान नाही. परंतु ती संपल्यावर ग्रंथ लोकांचा होतो, हेही कायदाच सांगतो. राजवाडे १९२६ साली गेले, सरदेसाई १९५९ साली. त्यांच्या मराठी ग्रंथांच्या वाटेत आता कायदा उभा नाही. उभा असेल तर केवळ आळस.

राहिला पैशाचा प्रश्न. खुले म्हणजे वाचकाला विनामूल्य. करणाऱ्याला ते फुकट पडत नाही, हे मान्य आहे. पण पैसा नाही असे सरकारने म्हणू नये. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेसाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता सहा हजार कोटी रुपये मंजूर झाले. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सहा हजारांवर सरकारी संस्थांतील अभ्यासकांना वाचता यावीत असा तिचा हेतू आहे. विद्यार्थ्यांना तिचा लाभ होईल यात शंका नाही. परंतु ही वर्गणी आहे, आणि वर्गणी संपली की दार मिटते. शिवाय निवृत्त शिक्षक, गावचा वकील, वाचनालयातला जिज्ञासू वाचक हे त्या दाराबाहेरच राहतात. परक्यांच्या मासिकांच्या वर्गणीला कोट्यवधी निघतात, तर स्वतःच्या दप्तरांची फेरिस्त करण्यास त्याचा अल्पसा अंश तरी निघावयास हवा. फेरिस्त एकदा झाली की ती दरवर्षी पुन्हा विकत घ्यावी लागत नाही.

आमच्या मागण्या म्हणून मोजक्या आणि स्पष्ट आहेत. सार्वजनिक पैशाने ज्या कागदाचे चित्र घेतले तो कागद, वर सांगितलेले अपवाद वगळून, सर्वांना नोंदणीशुल्कावाचून पाहता व उतरवून घेता आला पाहिजे. सूची चित्रांच्या आधी प्रसिद्ध व्हावी, आणि ती ज्या प्रदेशातील कागद आहेत तेथील भाषांत असावी. बेळगावच्या कागदांची मराठीतही आणि कानडीतही. प्रत्येक संग्रहाच्या प्रती किमान तीन वेगवेगळ्या शहरांत राहाव्यात. मोडी वाचनाचे काम करणाऱ्यांना मानधन मिळावे. जाणत्यांचे डोळे फुकट झिजविण्याचा काळ गेला.

पण मागण्यांवर थांबणे हा आपला बाणा नव्हे. आपल्या गावांतील जुन्या वाचनालयांनी सरकारची वाट न पाहता आजच आरंभ करावा. आधी यंत्र विकत घेऊ नये. आधी यादी करावी. कपाटात काय आहे, ते कोणत्या सालचे आहे, दुसरीकडे त्याची प्रत आहे काय, हे वहीत मांडावे आणि मग संगणकावर. गावातील देसाई, देशपांडे, कुलकर्णी घराण्यांच्या वाड्यांत जी बाडे पावसाळ्यागणिक ओल खात आहेत त्यांची विचारपूस करावी; बाड मागू नये, चित्र मागावे, म्हणजे मालक निर्धास्त राहतो. चित्र काढताना प्रत्येक पानाला अंक द्यावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी, प्रकाश एका बाजूने सारखा पडेल असे पाहावे. ज्या ग्रंथांचा हक्क संपला आहे ते मराठी विकिस्रोतावर नेऊन त्यांचे मुद्रितशोधन तरुणांनी वाटून घ्यावे. रोज एक पान हा नेम कोणासही अवघड नाही. आणि गावातला मोडी जाणणारा शेवटचा म्हातारा शोधून काढून त्याच्याजवळ दोन मुले बसवावीत. हे शेवटचे काम सर्वांत आधी करावे, कारण त्याला मुदतवाढ नाही.

येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक गावच्या वाचनालयाची एक यादी पुरी झाली, तरी पुढच्या पिढीचे राजवाडे आपल्या दारात उपाशी उभे राहणार नाहीत. यादी झाली की ती या पत्राकडे पाठवावी. छापण्यास आमचे रकाने मोकळे आहेत.